नावाडिणीची गोष्ट

शाळेच्या ग्रंथालयातल्या बाईंना मुलं पाठीमागे ‘कोपरेबाई’ म्हणत. पुस्तकाच्या पानाचा कोपरा कुणी दुमडला की त्यांचा पारा चढायचा, म्हणून. एरवी बाई मऊ. दर वर्षी त्या दाराशेजारी एक यादी लावत, ‘माझ्या लहानपणीची दहा लाडकी पुस्तकं’. पहिला नंबर कायम नावाडिणीच्या गोष्टीचा. ते पुस्तक कित्येक वर्षं कुठे मिळतच नव्हतं. यंदा नवी आवृत्ती निघाली, आणि बाईंनी कोरी प्रत चौथीतल्या एका मुलीच्या हातात ठेवली.

“घे. आई वादळात नाव घेऊन जाते, मुलगी काठावर वाट बघत बसते, आणि पहाटे आई येते. रडशील, पण आनंदानं.”

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं. खोलीत मुलीचे वडील उभे होते. वायरमन होते, तसेच कामावरून आलेले, खिशात टेस्टर. खुर्ची पुढे केली तरी बसेनात. मुलगी भिंतीला टेकून, दप्तर छातीशी धरून उभी.

“हे तुम्ही दिलंत हिला? काल दुपारपासून पोरगी जेवली नाही. तोंडातून शब्द नाही. आई मेल्याच्या गोष्टी वाचायला देता?”

“तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. आई मरत नाही. मला तोंडपाठ आहे ते.”

वडिलांनी पुस्तक उघडून टेबलावर आपटलं. “वाचा. मोठ्यानं वाचा.”

बाईंनी चष्मा लावला. दोन ओळींनंतर त्या थांबल्या. पहाट झाली होती, नावही आली होती, पण रिकामी. तळाशी नुसतं वल्हं. बाईंनी पान उलटलं. पुढे काहीच नव्हतं.

“एक मिनिट,” म्हणून त्या बाहेर आल्या आणि भावाला फोन लावला.

“दादा, नावाडीण परत येते ना रे?”

“आज कुठून आठवली तुला ती?”

“बोल ना!”

“नाही येत गं. तुझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या तेव्हा, मीच वाचून दाखवत होतो तुला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रडली तर टाके तुटतील. मी अकरा वर्षांचा. काय करणार? आणली तिला परत.”

नवी आवृत्तीच चुकीची छापली आहे, असं सांगून बाईंना सुटता आलं असतं. क्षणभर तसं मनात आलंही. पण आत जाऊन त्या म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी हे पुस्तक स्वतः कधी वाचलेलंच नाही.” आणि पट्ट्यांपासून सगळं सांगितलं.

“म्हणजे ऐकीव गोष्टीवर तुम्ही पोरांना...”

“बाबा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुलगी बोलली होती.

“आई मावशीकडे नाहीये ना?”

वायरमनचा चेहरा उतरला.

“फोन केला की मावशी म्हणते, आई बाजारात गेलीय. चार-चार दिवस कोण बाजारात असतं?”

त्यांनी बाईंकडे पाहिलं. मदत मागत होते की शिव्या घालत होते, कळेना. बाई गप्प राहिल्या. न वाचता बोलून झालं होतं, तेवढं पुरे होतं. शेवटी ते खुर्चीत बसले.

“दवाखान्यात आहे. परवा ऑपरेशन आहे.”

“मरणार आहे?”

“डॉक्टर म्हणतात बरी होईल. पण मला... मलाच भीती वाटते गं.”

“मग मला न्या.”

मधली सुट्टीही झाली नव्हती. बापलेक तडक निघाले. तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली नाही. बाईंना लेखी समज मिळाली. त्यांनी सही केली आणि यादी उतरवून ठेवली.

ऑपरेशनच्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दाराशी पाऊल वाजलं की बाई मान वर करून बघायच्या. पुस्तकांवर भलतेच नंबर पडत होते.

सोमवारी ती आली. थेट टेबलापाशी.

“नळ्या लावल्यात आईला. अजून बोलता येत नाही,” ती म्हणाली. “पण मी हात दिला ना, तर दाबते. जोरात दाबते.”