अकराव्या नावाची जागा

"मी खोटं बोलत न्हाय, मास्तर. आणि सगळं बोलतबी न्हाय."

एवढं बोलून तो कानावरचा खडू काढायचा आणि तालमीच्या फळ्याकडं वळायचा. तालमीच्या नावानं खेळणाऱ्या आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचा तो मॅनेजर. आम्ही एका वर्गात शिकलो, पण त्याला नावानं हाक मारलेली मलाही आठवत नाही. दिवसभर फौंड्रीत साचे भरायचे आणि संध्याकाळी तालमीत यायचं, असं त्यानं वीस-बावीस वर्षं केलं. पोरं निवडणं, कोच ठरवणं, बाहेरचा खेळाडू आणणं, जर्सी धुऊन घेणं, सगळं त्याच्याच अंगावर.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर मॅचच्या दिवशी पेठेत काय चालतं ते सांगायला नको. चेंडू कुठल्या पायानं मारतात हे ज्याला ठाऊक नाही, तोही कट्ट्यावर अकरा नावं ठरवून मोकळा होतो. मॅनेजर सगळ्यांचं मान डोलवून ऐकायचा, "पटलं" म्हणायचा आणि फळ्यावर आपल्या मनातलंच लिहायचा.

पण सकाळी तो दहाच नावं लिहायचा. अकराचा आकडा घालून पुढची जागा मोकळी सोडायचा. दुपारी मैदानावर निघायच्या आधी पोरांना रांगेत उभं करून एकेकाच्या तोंडाजवळ जाऊन डोळ्यांत बघायचा आणि मगच ती जागा भरायचा. कधी दहातलंही एखादं नाव पुसलं जायचं. "पोरं बघितल्याशिवाय अकरावं लिहायचं न्हाय," म्हणायचा.

मॅचच्या दिवशी कुणी पिऊन आलं तर त्याची जर्सी कायमची काढून घ्यायची, हा नियम त्याचाच. त्यात पहिला सापडला तो त्याचा सख्खा भाचा. त्याची जर्सी काढली ती काढलीच. बहिणीनं त्यानंतर भाऊबीजेला बोलावणं सोडलं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझा पुतण्या संग्राम आमच्या संघाचा फॉरवर्ड. त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, वारला आणि दोनच महिन्यांत फायनल आली. सकाळी फळ्यावर पहिलं नाव संग्रामचं होतं. दुपारी रांगेत मॅनेजर त्याच्यापुढं थांबला, त्याचा दंड धरून तालमीच्या मागं घेऊन गेला आणि मला हाक मारली. पोराच्या तोंडाला वास येत होता.

मी हात जोडले. बाप जाऊन दोन महिने झालेत, आत्ता जर्सी गेली तर पोरगं हातचं जाईल, असं काय काय बोललो. मॅनेजरनं पोराचा दंड सोडला.

"ह्याचा बाप माझ्या फळ्यावर धा वर्षं हुता," तो म्हणाला. "घरला घेऊन जा. मी काय बोलणार न्हाय. पण खोटंबी बोलणार न्हाय."

जाऊन त्यानं तळव्यानं संग्रामचं नाव पुसलं. कोचनं विचारलं, तर म्हणाला, निर्णय माझा. ताप आलाय, पाय मुरगळलाय, एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. पण ते त्याच्या जिभेवर येणारच नव्हतं.

आम्ही एका गोलनं हरलो, तेही शेजारच्या पेठेकडून.

आठवडाभर कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. वीस वर्षं ह्या माणसानं घासलीत, असं चारजण म्हणायचे. मग संग्रामला का काढला ते सांगू दे की, असं चाळीसजण म्हणायचे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, मॅनेजर विकला गेला. संध्याकाळपर्यंत ते पेठेतल्या प्रत्येक मोबाइलवर होतं. मी कट्ट्यावर बसून ते सगळं ऐकलं आणि चहा प्यालो.

रविवारी सकाळी तालमीत बैठक बसली. आमच्या तालमीत जुन्या वस्तादांपासून एक रीत आहे. ठराव होतो तो सगळ्यांचे हात वर झाले तरच. एक हात खाली राहिला तरी ठराव बारगळतो. अध्यक्षांनी मॅनेजरला कारण विचारलं. तो म्हणाला, कारण हाय, सांगणार न्हाय. मग त्याला काढायचा ठराव आला आणि हात वर झाले.

माझा खाली होता. माझा एकट्याचाच.

सगळे माझ्याकडं वळले. अध्यक्ष म्हणाले, मास्तर, तुमचं म्हणणं काय ते बोला. बोलायचं म्हटलं तर संग्रामचं नाव निघणार होतं. मी मॅनेजरकडं बघितलं.

"मास्तर," तो हळू म्हणाला, "हात वर कर."

मी केला. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं, सुटल्यासारखं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

जर्सीच्या ट्रंकेची किल्ली आणि कानावरचा खडू तालमीतल्या मारुतीच्या पायाशी ठेवून तो चालता झाला. पुढं गडमुडशिंगीला लेकीकडं राहायला गेला. पुन्हा मैदानावर आला नाही. हा सीझन संपला की सांगू, असं म्हणत मी दोन सीझन काढले. संग्रामनं दारू सोडली. यंदा त्याच्याच गोलवर आम्ही कप जिंकला आणि पेठेनं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. आम्ही काका-पुतणे एका ताटात जेवतो, पण त्या बैठकीचा विषय कधी काढत नाही.

मागच्या महिन्यात मॅनेजर वारला. मी आणि संग्राम भेटायला गेलो. लेकीनं आम्हांला मागच्या पडवीत नेलं. तिथल्या जुन्या दारावर खडूनं नावं लिहिलेली होती.

"दर मॅचला आधीचं पुसून नवीन लिहायचे," ती म्हणाली. "पण एक कमीच लिहायचे. विसरत हुते व्हय?"

पहिलं नाव संग्रामचं होतं. खाली अकराचा आकडा आणि पुढं कोरं लाकूड.

"विसरत नव्हता," मी म्हणालो. "पोरं बघितल्याशिवाय अकरावं लिहीत नव्हता."

तिनं पदर डोळ्यांना लावला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, दादा खरंच विकले गेलते?"

"न्हाय."

"तुम्हांला कसं ठाऊक?"

ठाऊक हाय, एवढंच म्हणालो. ती चहा ठेवते म्हणून आत गेली.

संग्राम दारापाशी गेला. त्यानं तळव्यानं आपलं नाव पुसलं, हात तसाच पॅंटला घासला आणि माझ्याकडं न बघता तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी पिऊन आलतो."

पुढचं मला ऐकवलं नाही. मी पडवीतून उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.