तांडेलांची मागणी

कर्वेनगरच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तिथे मागच्या वर्षी सागरी सुरक्षेवर परिसंवाद झाला. दोन-तीन देशांच्या नौदलांचे अधिकारी आले होते. आमच्या विभागप्रमुखांनी कोकणातून एका तांडेलांना, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखांना, बोलावलं होतं. त्यांची बंद पडलेली नौका एका परदेशी युद्धनौकेने किनाऱ्याजवळ आणून सोडली होती. त्यांचं मराठी इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या माझ्या इंग्रजीवर विश्वास ठेवून सरांनी मला नोकरी दिली, ते मी विसरलेलो नाही.

"पाहुणे आहेत. तक्रारपेटी उघडू नका," सर जाता जाता म्हणाले.

तांडेलांनी आधी मनापासून आभार मानले. मग म्हणाले, "पन त्यांना सांगा, सगली नौदलं मिलून सराव करतात तवा वायरलेसवर इशारा देतात, तो इंग्लिशमधी. आमाला कलत नाय. गेल्या खेपेला आमी मधीच शिरलो. माझ्या खलाशांना दोन तास हात डोक्यावर ठेवून बसवला. इशारा मराठीत द्या, बाकी काय मागना नाय."

मी सरांकडे पाहिलं. सर घड्याळाकडे बघत होते. मी इंग्रजीत सांगितलं, की तांडेल आपले जन्माचे ऋणी आहेत आणि आपल्या सहकार्यामुळे मच्छीमारांना सुरक्षित वाटतं.

टाळ्या पडल्या. एक अधिकारी उठून आले, तांडेलांचा हात हातात घेतला आणि यांची काही मागणी आहे का, असं मला विचारलं. मी तांडेलांना न विचारताच "नाही" म्हणालो.

"काय बोलले साहेब?"

"लक्ष घालतो म्हणाले."

त्यांनी मलाच हात जोडले.

तेव्हापासून त्यांचा फोन येतो. "सर, इशारा अजून इंग्लिशमधीच येतो. इचारा की जरा." मी "काम चालू आहे" म्हणतो. कचेरीतून हेच उत्तर घेऊन माझे वडील कितीदा घरी परतले आहेत.

गेल्या आठवड्यात तांडेलांच्या मच्छीमार सोसायटीचं पत्र आलं. इंग्रजी करून त्या अधिकाऱ्यांना पाठवायचं आहे. पहिलंच वाक्य, "आपण लक्ष घालतो म्हणाला होतात."

ते वाक्य गाळलं तर कुणाला कळणार नाही. आज ते तसंच ठेवलं, आणि खाली स्वतःच्या नावाने लिहिलं, की आपण असं म्हणाला नव्हतात. यांची मागणी मी आपल्यापर्यंत पोहोचूच दिली नाही.

पत्र टाकण्याआधी हे तांडेलांना सांगायला हवं. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.