दिवा लागल्यावरच्या पऱ्या

बैलगाडीत चढवलेली माझी ट्रंक दादाने पुन्हा उघडली. आई म्हणाली, "आता काय राहिलं?" तो म्हणाला, "काही नाही, कुलूप बघतो." पण मी गाडीत बसून पाहत होते. त्याने लुगड्यांच्या घडीखाली पऱ्यांचं पुस्तक सरकवलं आणि झाकण लावलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. पहिलं पानही गळलेलं, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे आम्हा भावंडांना कधीच कळलं नाही. सुट्टीत मळ्यातल्या आंब्याखाली दादा ते मोठ्याने वाचायचा. पुढे मला वाचता येऊ लागलं, तेव्हा मी वाचायची आणि तो ऐकता ऐकता झोपायचा. दादाला कुठेही झोप लागायची.

बाबा गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत आले. मराठी चौथी झाल्यावर त्यांनीच मला शाळेतून काढलं होतं. तेच आता म्हणाले, "सगुणा, विहीर उपसत राहिलं तरच पाणी येतं. वाचत राहा." मग स्टेशन आलं, गाडी आली. कृष्णाकाठ मागे पडला आणि मी म्हैसूरची झाले.

माझं सासर तिथल्या चामराजपुरम पेठेत. घराणं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या महाराजांच्या रिसाल्यात. देव तेच, कुळाचार तेच, पण बोलणं ऐकून मी पहिले काही महिने गप्पच राहिले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एक वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवायच्या. "सगुणा, चूल पेटव, बेगा बेगा!" मी घाईघाईने उठायची. भाकरीच्या जागी नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आले. ते चावायचे नसतात, गिळायचे असतात, हेही मला शिकावं लागलं. जन्माची लाजरी मी, त्यात चुकेन या भीतीने आणखी लाजरी झाले. लोकांना वाटायचं, सून मुकी आहे.

माझी मुलगी तुंगा बोलू लागली ती निम्मं कानडीच. ती मला "अम्मा" म्हणे. त्यात वाईट काही नव्हतं, पण कधी कधी वाटे, हिच्याशी माझ्या आईसारखं बोलणारी या घरात मी एकटीच, आणि मी तर बोलतच नाही. मग मी ट्रंकेतून पुस्तक काढलं. लाजरं माणूस दुसऱ्याच्या शब्दांत बरंच बोलू शकतं. दुपारी सगळं आवरलं की मागच्या पडवीत तुंगाला मांडीवर घेऊन मी वाचायची. संध्याकाळी मला चुलीपुढून हलता येत नसे आणि माझं आवरेपर्यंत ती झोपलेली असे. दुपार हीच काय ती आमची वेळ.

दसऱ्यानंतर दादा आम्हाला दिवाळीसाठी माहेरी न्यायला येणार असं ठरलं. लग्न होऊन आल्यापासून मी गेले नव्हते. तो निघाल्याचं कळलं त्या दिवशी आत्याबाई पडवीत आल्या आणि म्हणाल्या, "आता दुपारी कथे बेड, गोष्टी नकोत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. पोरीचा मामा वाटेवर आहे."

हे आमच्याकडेही म्हणत. पण त्या दिवशी मला कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हटलं, "आत्याबाई, मी सांगत नाही, वाचते."

त्या थबकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सांगितली छापणाऱ्यानं. दोष त्याच्या मामाला. असंच ना?" आणि हसत आत गेल्या. मी वाचत राहिले.

दादा यायच्या दिवशी हे स्टेशनवर गेले आणि एकटेच परत आले. गाडी आली, माणसं उतरली, दादा त्यात नव्हता. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. त्याच वेळी घरामागून म्हैसूरहून पुढे नंजनगूडला जाणारी गाडी शिट्टी देत गेली. रोजच जायची, पण त्या दिवशी ती शिट्टी मला फार लागली. दोन राज्यांतून, कानडी न येणारा माणूस एकटा निघालेला. कुठे उतरला असेल? कुणाला काय विचारेल?

आत्याबाईंनी पुस्तक उचललं आणि उंच कणगीवर, माझा हात पोचणार नाही असं ठेवून दिलं. तुंगा रडली. मी रडले नाही, पण माहेर आणि पऱ्या दोन्ही एकदमच गेल्या असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जटका, म्हणजे इकडचा टांगा, थांबला आणि त्यातून दादा उतरला. कपाळाला विभूती, हातात प्रसादाची पुडी.

"मामा वाट चुकला की नाही?" आत्याबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"चुकलो नाही मावशी, झोपलो. गार्डानं उठवलं तेव्हा नंजनगूड आलं होतं. पुढे रूळच नाहीत म्हणाला."

"झोपलास कशामुळं? इकडं तुझी बहीण भर दुपारी कथे वाचते. कुठला मामा जागा राहील?"

दादाने माझ्याकडे बघितलं. "अजून वाचतेस? तू वाचायला लागलीस की मला झोप यायचीच." मग आम्ही दोघंही जे हसलो, त्या घरात मी तशी पहिल्यांदाच हसले. घरामागून शिट्टी देत गेलेल्या त्याच गाडीत तो झोपला होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

त्याने रात्र तिथल्या धर्मशाळेत काढली होती. पहाटे कपिला नदीत स्नान केलं, तिथल्या नंजुंडप्पाचं, महादेवाचं, दर्शन घेतलं. प्रसाद त्याने आत्याबाईंच्या हातावर ठेवला. गुडघे धरल्यापासून त्यांना नंजनगूडला जाता आलं नव्हतं. त्यांनी पुडी डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही. "नंजुंडप्पानं बोलावून नेलं तुला," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "दुपारी बेड म्हणजे बेड. पण दिवा लागल्यावर मुद्दे मी करते. तू वाच." आणि दादाला कणगीवरून पुस्तक काढायला लावलं.

त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मी पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचलं. आत्याबाई चुलीपाशी बसून मध्ये मध्ये विचारत. "ही परी म्हणजे आपली डोहातली आसरा का? मग तिला खण-नारळ कोण देतं?" मी चित्र दाखवलं. त्यांनी ते दिव्याशी धरून निरखलं. "पंख आहेत, पदर नाही. हिला सासू नाही वाटतं." शेवटी देवघरातून करंडा आणून त्यांनी परीच्या कपाळी कुंकू लावलं. म्हणाल्या, उघडं कपाळ बरं दिसत नाही. तो लाल ठिपका त्या पानावर अजून आहे.

त्या पुस्तकातली एक मुलगी परीबरोबर दूर देशी जाते, सारं बघते आणि परत येते, तर चुलीवर ठेवलेलं दूध अजून उतू गेलेलं नसतं. माहेरी पोचले तेव्हा मला ती आठवली. आमचं दूध केव्हाच उतू गेलं होतं. आईचे केस पांढरे झाले होते. मळ्यातला आंबा वादळात पडला होता. मी "बेगा ये" म्हणून तुंगाला हाक मारली, तर चुलतबहिणी म्हणाल्या, "आली बघा कानडीण!" राग नाही आला. पण दिवाळी सरली आणि मला चामराजपुरमच्या पडवीची आठवण येऊ लागली, तेव्हा मात्र दचकले.

दादा, आज तू नाहीस. आत्याबाईही नाहीत. रस्त्यावर विजेचे दिवे आले. आत्याबाईंनी त्यांना दिवा कधी मानलं नाही. देवापुढची वात पेटल्याशिवाय त्यांनी मला पुस्तक उघडू दिलं नाही. तुंगा लग्न होऊन शिमोग्याला गेली. जाताना तिच्या ट्रंकेत पुस्तक घालायला गेले, तर ती म्हणाली, "इथंच असू दे अम्मा. मला यायला निमित्त हवं."

आता सुट्टीत तिची लेक येते. परवा भर दुपारी तिने पुस्तक माझ्या मांडीवर आणून टाकलं. मी म्हटलं, "दिवसा नाही ग. मामा वाट चुकतो."

"अज्जी, मला मामाच नाही," ती म्हणाली. "मग वाच की."

खरंच होतं. तुंगाला भाऊ नाही. एवढ्यात घरामागून नंजनगूडची गाडी शिट्टी देत गेली. खिडक्यांशी माणसं बसलेली दिसली, काही माना टेकून झोपलेली.

मी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "कुणाचा तरी मामा असेल त्या गाडीत," मी म्हटलं. "दिवा लागू दे."