आधी त्याला उठवा

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटसमोर चहा विकणाऱ्या मावशी गिऱ्हाइकाला कधी हाक मारत नाहीत. गप्प बसून राहतात. मुंग्या याव्यात म्हणून शेजारच्या दगडापाशी चिमूटभर साखर टाकतात. त्या मुंग्या दगडावरच्या सरड्यासाठी. तो कितीतरी वेळ हलत नाही, मग एकदम झेप, मुंगी गट्टम, की परत दगडावर.

काल सिक्युरिटीचा साहेब मावशींना उठवायला आला.

"आधी त्याला उठवा," मावशी सरड्याकडे बोट करून म्हणाल्या, "मंग मी उठते."

साहेबानं बूट आपटला. सरड्यानं गळ्याची निळी पिशवी टम्म फुगवली, पण दगड काही सोडला नाही. साहेबच मागं सरला. तेवढ्यात भोंगा झाला.

"आता व्हा बाजूला," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "शिफ्ट सुटली. माझी गिऱ्हाइकं आली."