स्कॉटलंडची बारी, घाटकोपरचा नारळ

समोरची इमारत पाडत होते तेव्हा आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळे ओरडायचे. सकाळी चहाचं आधण ठेवावं, तर खाली पोकलेन खाकरतो आणि त्याचा लोखंडी टोचा भिंतीत घुसतो. भिंत आधी नुसती थरथरते, मग तिला तडा जातो, मग अख्खीच्या अख्खी खाली कोसळते आणि आतली खोली उघडी पडते. एकदा अशीच एक गुलाबी खोली दिसली. कॅलेंडरचा खिळा तसाच होता आणि त्याच्याखाली कॅलेंडरच्या मापाचा, न मळलेला चौकोन. कुणाचा तरी संसार भर उन्हात उघडा करायचा आणि मग ठेचायचा, ह्याला आमच्या मुलुंडात पुनर्विकास म्हणतात. धूळ तुळशीवर, धूळ ताटात, धूळ दातांत. गॅलरीत उभी राहून मी त्या यंत्राला मनातल्या मनात ज्या शिव्या घालायचे, त्या आतल्या खोलीत खाटेवर बसलेल्या माझ्या बाबांकडून माझ्याकडे आल्या आहेत, आणि त्यांच्याकडे रत्नागिरीच्या लाल मातीतून.

माझी लेक सध्या स्कॉटलंडात शिकते. फोनवर तिनं ही धडधड ऐकली आणि म्हणाली, "आई, थांब, तुला एक अल्बम पाठवते. तिकडच्या आवाजापेक्षा मोठा आवाज लागेल ना तुला, तो ह्यात आहे." एका स्कॉटिश बँडचा पहिलावहिला अल्बम. लोकगीतं, पण इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन. मी नाक मुरडलं. आमच्या लेखी बॅगपाइप म्हणजे पोलिसांचं संचलन, नाहीतर घाटकोपरच्या एखाद्या वरातीत लाल कोट घालून घामाघूम झालेला बँडवाला. पण समोर टोचा भिंतीत घुसला, दात कळवळले, आणि मी कानात इअरफोन कोंबले.

अहो, काय सांगू! सुरुवातीला नुसता एक सूर येतो, लांबून, जमिनीलगत सरपटत आल्यासारखा. तो इतका वेळ टिकतो की आपण वैतागतो. आणि मग ढोल असा पडतो की कुणीतरी लाथ घालून दार तोडलंय. त्यानंतर अल्बमभर ते दार पुन्हा लागतच नाही. फिडल वाजवणारी पोरगी तारा घासत नाही, कापते. गाणाऱ्याचा घसा तर ठार फाटका, कोळ्यांच्या लिलावात ओरडून ओरडून बसलेल्या गळ्यासारखा. तो जे गातो ते इंग्रजी म्हणे इंग्रजी नव्हेच, तिथली बोली आहे. लेकीनं अर्थ लिहून पाठवला तेव्हा कळलं की एका गाण्यात गुरं पळवून नेणाऱ्यांची डोकी फुटतात, दुसऱ्यात भाऊ मारला गेलेली बाई मारेकऱ्याच्या सात पिढ्यांना शाप देते, आणि तिसऱ्यात समुद्र होडीसकट माणसं गिळतो आणि गाणारा समुद्रालाच आईवरून शिवी देतो. एकाही गाण्यात कुणी कुणाला समजून घेत नाही. मला ते फार आवडलं. हल्ली जो तो जखमेवर मऊ मऊ बोलत असतो. ही पोरं जखम उघडी धरून तिच्यावर ताल धरतात. पहिल्याच अल्बममध्ये हे धाडस असतं. पुढे नाव होतं, चार माणसं वाहवा करतात, आणि मग माणूस आवाज सांभाळून गायला लागतो. ह्यांना अजून कुणी सांभाळून गायला शिकवलेलं नाही. झकास आहे तो अल्बम, एवढंच मी लेकीला कळवलं आणि शेवटचं गाणं पुन्हा लावलं.

ते शेवटचं गाणं म्हणजे निव्वळ शिवीगाळ आहे. एक गायक शेजारच्या गावच्या गायकाला उभा आडवा सोलतो. त्याचा आवाज, त्याची मेंढरं, त्याचं नाक, काही सोडत नाही. तिकडे म्हणे पूर्वी दोन कवी समोरासमोर उभे राहून, भरल्या सभेत, पद्यात शिव्यांची लढाई करायचे. लेकीनं लिहिलेलं हे वाचलं आणि मी इअरफोन काढून बाबांच्या खोलीकडे बघत राहिले. कारण माझे बाबा तेच करायचे. गिरणीत असताना, गिरणी सुटल्यावर, पुढे मुलुंडच्या कारखान्यात लागल्यावरही. जाखडी नाच ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष. एक म्हणतो पार्वती थोर, दुसरा म्हणतो शंकर थोर. मध्ये ढोलकी, भोवती एका पायात चाळ बांधून नाचणारे बाल्ये, आणि समोरासमोर दोन बुवा, सवाल-जवाब करत एकमेकांची सालं काढणारे. ह्या सामन्याला बारी म्हणतात. आमच्याकडची रीत अशी, की बारी संपली की एका बुवानं दुसऱ्याला नारळ द्यायचा, दुसऱ्यानं तो तिथेच फोडायचा आणि दोघांनी एकाच वाटीतलं खोबरं खायचं. नारळ दिला की भांडण मिटलं, तोवर नाही.

बाबा तुरेवाले. त्यांच्यासमोर कायम घाटकोपरचे एक शक्तीवाले बुवा असायचे, डोंगरावरच्या चाळीत राहणारे. दोघांच्या जोडीला लोक चेंबूर-देवनारहून यायचे, मांडवाबाहेर उभे राहून ऐकायचे. दोघं एकमेकांना काय काय बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही, पण एक कुंपण होतं: समोरच्याच्या घरातल्या बाईवर आणि घरातल्या मयतावर गायचं नाही. बाकी सगळं माफ.

माझी आई गेली त्या वर्षी गणपतीनंतरची बारी बाबांनी आधीच स्वीकारली होती. शब्द दिला होता म्हणून उभे राहिले, पण गात नव्हते, पुटपुटत होते. हातातल्या झांजा उगाच एकमेकींना शिवत होत्या. मी पहिल्या रांगेत होते. बाप सगळ्यांदेखत बुडतोय आणि आपण खुर्चीवर बसलोय, असं मला झालं होतं. आणि घाटकोपरचे बुवा पुढे आले, ढोलकी थांबवली आणि गायले:

घरची ज्याची चूल विझली, राख अजून गरम,
सभेत येऊन आग लावतो, नाही ह्याला शरम!

बाबांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी हातातली झांज फिरवली आणि सरळ बुवांच्या तोंडावर फेकली. पितळ दातांवर आपटल्याचा तो आवाज मी आजही ओळखेन. बुवांचे पुढचे दात ओठांतून बाहेर आले, सदऱ्यावर रक्त, आणि मग दोन्ही बाजूंचे बाल्ये चाळ बांधल्या पायांनीच एकमेकांवर तुटून पडले. घुंगरांचा तो खळखळाट आणि त्यात हाडांवर बसणाऱ्या काठ्या! कुणीतरी लोखंडी खुर्ची बाबांच्या उजव्या कानावर घातली. मी त्यांना ओढत बाहेर आणलं तेव्हा कानातून रक्ताचा ओघळ मानेपर्यंत आला होता, आणि ते माझ्या हाताला हिसके देत परत आत जायला बघत होते. तो कान गेला तो गेलाच. बुवांचा 'स' त्यानंतर शीळ वाजवतच बाहेर यायला लागला. दोघंही पुन्हा बारीला उभे राहिले नाहीत, बोलले नाहीत, एकमेकांच्या घरच्या लग्नामयताला गेले नाहीत. आणि नारळ राहिला. मी त्या माणसाचा मनापासून तिरस्कार केला. माझ्या आईच्या राखेवर गाणारा माणूस, त्याचं तळपट होवो, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले.

त्याच दिवसांत गाववाल्यांकडून बातमी आली की घाटकोपरची ती चाळही पाडणार, आणि बुवांचा मुलगा त्यांना कायमचं गावी नेऊन ठेवणार. "जाऊ दे मेल्याला," बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. बाबांचं आता वय झालंय, छातीत पाणी होतं, डॉक्टर मान हलवतात. गावाचा प्रवास त्यांना झेपणार नाही. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. पण त्यांना जा म्हणून सांगणार कोण?

मी सांगितलं नाही. मी त्यांच्या डाव्या, चालू असलेल्या कानात इअरफोन घातला आणि ते शेवटचं गाणं लावलं. समोर पोकलेन भिंती फोडत होता आणि बाबा डोळे मिटून ऐकत होते. मी त्यांना अर्थ सांगत गेले. मेंढरांच्या शिवीला ते हसले. ढोलाच्या एका ठेक्याला "वा रं पोरा" म्हणाले. गाणं संपलं तसे त्यांनी डोळे उघडले.

"गला हाय पोराला. जोर हाय," ते म्हणाले. "पन हा येकटाच भांडतोय गं. समोरना जवाब कुठाय?"

"हे रेकॉर्डिंग आहे बाबा. ह्यात समोरचा नसतो."

"मंग ही कसली बारी?" ते एकदम चिडले. इअरफोन ओढून खाटेवर टाकला. "समोरच्याशिवाय शिव्या देनारा येडा असतो." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "नारळ आन. रिक्षा बोलव."

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी रिक्षा थांबली. पुढे पायऱ्या. बाबा दर थोड्या पायऱ्यांनी थांबत होते, धापा टाकत होते, पण पिशवीतला नारळ मला धरू देईनात. चाळीतल्या अर्ध्या खोल्या रिकाम्या होत्या, दारं काढून नेलेली. बुवा बांधलेल्या गाठोड्यांमध्ये खुर्चीत बसले होते. बाबांना बघून ते उठले नाहीत.

"कशाला आलास? उरल्याले दात पाडाया?" शीळ वाजली.

"तुजा दुसरा कान फोडाया," बाबा म्हणाले.

"फुटला तो तुजा व्हता, मेल्या. माजे दोनी कान शाबूत हायत."

झालं. सुरू झाले. गोत्र निघालं, गाव निघालं, कुणाच्या आजोबानं कुणाची फणसं चोरली ते निघालं. मी दारात उभी. माझ्या तोंडात आईचं नाव आलं होतं. पण माझ्याआधी बुवाच त्यावर आले. ओरडत होते, पण डोळे भरले होते.

"तू मयताच्या तोंडानं गात व्हतास त्या दिशी! म्हटलं, ह्यो आता बायकोच्या मागना जातोय. तुला जिता ठेवाया दुसरं काय करनार व्हतो रं मी? हात धरून रडू तुज्यासंगती? आपल्याला तसं येतं काय?"

इतकी वर्षं ज्याला मी राखेवर गाणारा म्हणत होते, तो राख फुंकत होता. बाबांना मात्र काही धक्का बसला नाही.

"मला तवाच कळलं व्हतं," ते म्हणाले.

"मंग झांज का फेकलीस, रांडेच्या?"

"जवाब सुचला नाय म्हनून."

बाबांनी घसा खाकरला, डावा हात कानावर ठेवला आणि छातीतल्या पाण्यासकट, फाटक्या आवाजात, इतक्या वर्षांचं उत्तर दिलं:

विझल्या चुलीत माझ्या, मेल्या, तूच घातला हात,
निखारा माझा जिवंत राहिला, तुझे गेले दात!

बुवा आधी हसले, मग खोकले, मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. बाबांनी पिशवीतून नारळ काढला आणि पुढे केला. तेवढ्यात बुवांनी हात वर केला.

"ठेव तो. माजा जवाब हुयाचा हाय अजून. सुचू दे. बारी संपली नाय."

बाबांनी नारळ परत पिशवीत टाकला. पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला होता आणि ते, देवाशपथ सांगते, गुणगुणत होते.

ह्याला आता बरेच महिने झाले. बुवा गावी आहेत. समोरची इमारतही संपली; तिच्या जागी खड्डा आहे आणि सकाळी इतकी शांतता असते की चहा उकळलेला ऐकू येतो. मी तो अल्बम अजून रोज लावते, मोठ्यानं, आणि बाबा शेवटच्या गाण्याला न चुकता म्हणतात, "ह्यांना कळव, समोर कोनतरी बघा म्हनावं." नारळ स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे. कामवाल्या बाईनं त्याच्या वड्या करू का विचारलं तेव्हा बाबा तिच्यावर असे भडकले की ती दोन दिवस आली नाही. दर रविवारी ते गावी फोन लावतात आणि नाव-गाव न विचारता सरळ ओरडतात, "सुचलं काय रं?" तिकडून शीळ येते, "थांब की. मरायची घाई हाय काय तुला?" "तुज्याआधी मी नाय मरायचा," असं म्हणून बाबा फोन आपटतात आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवतात.

ह्या रविवारी फोन तिकडूनच आला; बाबा आंघोळीला गेले होते, म्हणून मी घेतला. पलीकडे बुवाच होते. माझा आवाज ओळखून थोडे घुटमळले. मी विचारलं, खरंच सुचत नाहीये का हो काका?

"सुचलंय गं केवाच," ते हळू म्हणाले. "तुमी पायऱ्या उतरत व्हतात तवाच सुचलं. त्याला नको सांगू."

मी फोन ठेवला. मग फ्रिजवरचा नारळ काढून पदरानं पुसला. आतलं पाणी आटलंय, खोबरं सुटून गोटा झालाय, हलवला की खडखडतो. बाबांनी मोरीतून ओरडून विचारलं, कोणाचा फोन होता, सुचलं का त्याला?

"नाही सुचलं अजून," मी ओरडून सांगितलं, आणि नारळ होता तिथे ठेवला.