निकालमामाची घाई

माझ्या मामाला वडशाच्या आसपासची गावं निकालमामा म्हणत. परीक्षा कुणाचीही असो, निकाल मामा आधीच लावून मोकळा व्हायचा, आणि तो बहुधा नापासाचाच असायचा. सायकलच्या चाकात हवा कमी दिसली की 'ट्यूब गेली'. गायीनं एक वेळ चारा सोडला की 'गाय गेली'. ट्यूब आणि गाय दोघींनीही त्याचं कधी मनावर घेतलं नाही.

तो आळशी असता तर गोष्ट वेगळी. पण रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायला, त्याच्यासारखा माणूस नव्हता. बांध लिंपायचा, रोवणाऱ्या बायांच्या मागे फिरून वाकडी रोपं सरळ करायचा. आणि दुसऱ्याच दिवशी बांधीतल्या चिखलात उतरून तीच रोपं उपटून बघायचा, मूळ धरलं की नाही ते! लावल्यावर रोपं काही दिवस पिवळी पडतातच. मामाला ते ठाऊक होतं, पण धीर कुठून आणायचा? उपटलेलं रोप नाचवत तो मामीला म्हणायचा, "पाह्य, म्हटलं नोतं? मेलं."

"तुमी मारलं," मामी म्हणायची. शेवटी रोवणा संपला की ती त्याला आमच्याकडे पाहुणा पाठवू लागली. मग तो आमच्या घराचे निकाल लावायचा.

सुशी त्याची एकुलती एक मुलगी. तिच्या शिक्षणात त्यानं काही कमी केलं नाही. पोरीला एवढं कशाला शिकवता, असं विचारणाऱ्यांना त्यानं दारातून परत पाठवलं. नर्सिंगच्या मुलाखतीला चंद्रपूरला स्वतः घेऊन गेला, बाहेर लिंबाखाली उपाशी बसला. सुशी बाहेर आली ती गप्प. एसटीत चढायच्या आत मामाचा निकाल तयार: "नाई झालं."

लगेच घरात पाहुणे. मुलगा राइस मिलमधला, सोबत आईबाप. मामा होकार द्यायला तोंड उघडणार, तोच सुशीनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"बाबा, मले अजून कोनी नाई म्हटलं नाई. तुमीच म्हनून राह्यले."

मग पाहुण्यांना म्हणाली, "निकाल लागेपर्यंत थांबता का?" मुलाची आई चहा तसाच ठेवून उठली.

मामा उखडला. मामीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्यानं होत होतं तेवढं केलं ना? मंग बसा ना आता गप. तिलेबी काऊन उपटता?"

मामा बसला. एवढी मोठी शिक्षा त्याला कुणी दिली नव्हती. पोस्टमन दिसला की तो पाठ फिरवायचा. सुशीला बोलावणं आलं, गाव पेढे खाऊ लागलं, तेव्हा हा पुढचा निकाल लावत होता: "ट्रेनिंग झेपनार नाई तिले."

झेपलं. सुशी गडचिरोलीला नर्स झाली, आणि काही वर्षांनी मामाच तिच्या वॉर्डात येऊन पडला. ताप उतरत नव्हता. आता हा स्वतःचाही निकाल लावणार, असं मला वाटलं. मी विचारलं, "मामा, कसं वाटून राह्यलं?"

त्यानं सलाइन बदलणाऱ्या सुशीकडे पाहिलं.

"मले काई माहीत नाई. सुशी करून राह्यली ना, करू दे तिले."

मग त्यानं डोळे मिटले आणि गाढ झोपला. पहाटे झोपेतच गेला.

आपलंच काहीतरी चुकलं, असं सुशी अजून म्हणते. मी तिला सांगतो, "बाई, तुझ्या बापाले निकालाच्या आधी कधी झोप लागली नोती. तुझ्या भरवशावर लागली."