लग्नाचे रंग ठरवणारे काका

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे चार ओळी लिहायच्या म्हटलं तरी हात अडखळतो, आणि वडीलधाऱ्या माणसाबद्दल लिहिण्याचा आपल्याला काय अधिकार, असंही वाटतं. पण शेजारच्या काकांबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही. नागपूरच्या आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात भटजी नसता तरी एखादं लग्न लागलं असतं. काकांशिवाय लागलं नसतं. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

काका लग्नाचे रंग ठरवत. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. तेव्हा घरोघरी हातमाग होते आणि नवरीचं लुगडं घरच्याच मागावर विणलं जाई. रंगवलेला ताणा, म्हणजे उभं सूत, एकदा मागावर चढला की रंग बदलता येत नाही, म्हणून सूत रंगवण्याआधीच काका हजर होत. सदऱ्याच्या खिशातून रंगीत सुताच्या लडी लोंबत असायच्या. मुहूर्त गोरजाचा असला तर ते नवरीला दिवेलागणीलाच अंगणात बसवत, सकाळचा असला तर बिचारीला तोंड धुण्याआधी उठवत, आणि मुहूर्ताच्या वेळच्याच उजेडात मनगटावर एकेक धागा ठेवून मान वाकडी करून बघत बसत. लुगड्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण मांडवाचं कापड, नवरदेवाचा फेटा, बँडवाल्यांचे कोट असं करत करत ते पंगतीपर्यंत पोचत. माझ्या आत्याच्या लग्नात त्यांनी जिलबी रद्द करून बुंदी करायला लावली, कारण हिरव्या मांडवाखाली जिलबी आजारी दिसते. एका नवरदेवाला तर चष्मा काढून बोहल्यावर उभं केलं. त्यानं हार सासऱ्यांच्या दिशेनं पुढे केला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "चुकू दे गा, फेटा कसा खुलून दिसून राहिला." माझी आई म्हणायची, "भाऊजी, तुमच्या हाती असतं तर तुम्ही नवरदेवालेच रंगात बुडवलं असतं."

सगळे हसत. मात्र काकांच्या स्वतःच्या मुलीचा विषय निघाला की हसणं थांबे. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. हे आईकडून ऐकलेलं. ताईचं लग्न काटोलकडे जमलं होतं. त्या लोकांच्या संत्र्याच्या बागा, म्हणून त्यांना नवरी नारिंगी लुगड्यात हवी होती. इकडे काकांनी मोरपंखी ताणा मागावर चढवलेला. "बाग तुमची असेल, पोरगी माझी आहे," असं म्हणून त्यांनी सोयरीकच मोडली. ताईला कोणता रंग आवडतो हे कुणी विचारलं नाही. मुलगा आवडला होता का, हेही नाही. ती नोकरीसाठी जबलपूरला गेली आणि तिथेच एकाशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. घरी पत्रसुद्धा आलं नाही.

काका इतरांची लग्नं रंगवत राहिले. पण जबलपूरहून कुणी आल्याचं कळलं की त्याच्या दारात जाऊन उभे राहत. ती बरी आहे का, बापाची आठवण काढते का, हे विचारायची हिंमत होत नसावी. विचारत ते एकच, "माह्या पोरीनं लग्नात काय नेसलं होतं गा?" कुणालाच ठाऊक नसे. पुढे पॉवरलूम आले, घरचे माग बंद पडले, लोक बाजारातून शालू आणू लागले. काकांना बोलावणीही येईनाशी झाली. ते आमच्या ओसरीवर येऊन बसत.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ताईचा दीर कामानिमित्त नागपूरला आला आणि विचारत विचारत आमच्या ओसरीवरच पोचला. काकांनी त्यालाही तोच प्रश्न केला. तो म्हणाला, ते काही आठवत नाही, पण वहिनीचा निरोप आहे. मुलीचं लग्न ठरलंय. बाबांनी यावं, आणि रंग त्यांनीच ठरवावा.

काकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग इतक्या हळू बोलले की दिराला पुढे वाकावं लागलं.

"येतो म्हणून सांगा. पण रंग नातीलेच विचारा, तिले कोणता आवडते."